सेव्ह केलेली फाइल वीज जाताच रिकामी कशी झाली?

प्रश्न (वसमत, जि. हिंगोली)

नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवते. आमच्या प्रयोगशाळेत उबुंटू ही लिनक्स प्रकारातली ऑपरेटिंग सिस्टिम आहे आणि इन्व्हर्टरची बॅटरी खराब झाल्यामुळे वीज गेली की सगळे संगणक एकदम बंद पडतात. बुधवारी एका विद्यार्थिनीने सी भाषेतला पन्नासेक ओळींचा प्रोग्रॅम नव्या फाइलमध्ये लिहून सेव्ह केला आणि ती वही मिटते न मिटते तोच वीज गेली. संगणक पुन्हा सुरू केल्यावर फाइलचे नाव जागेवर होते, पण आकार शून्य बाइट. "मॅडम, मी खरंच सेव्ह केलं होतं," असे ती रडवेली होऊन सांगत होती, आणि मी शेजारीच उभी असल्याने ते खरे आहे हे मला ठाऊक आहे. कर्नल, सिस्टिम कॉल, बफर, कॅशे यांच्या व्याख्या मी अनेक वर्षे पाठ करून घेतल्या. परंतु त्या पन्नास ओळी यांपैकी कोणाकडे अडकून राहिल्या, हे मला तिला सांगता आले नाही. नाव राहिले आणि मजकूर गेला, असे कसे होते?

उत्तर (लातूर)

मॅडम, तिचे काहीच चुकलेले नाही, हे तिला आधी सांगा.

आमचे घर आडतीचे, म्हणून मोंढ्यातले उदाहरण देतो. सोयाबीनच्या हंगामात काट्यावर माल चढतो तेव्हा मुनीम प्रत्येक कट्ट्याचे वजन हातातल्या कच्च्या चिठ्ठीवर टिपतो, कारण दर कट्ट्यामागे तो पेढीवर जाऊन खातेवही उघडू लागला तर हमाल, शेतकरी, गाड्या सगळेच खोळंबतील. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, हाच हिशेब करतो. हार्ड डिस्कवर एक जागा गाठायला साधारण १० मिलिसेकंद लागतात, तर मेमरीतून तेच काम १०० नॅनोसेकंदांच्या आसपास होते. म्हणजे लाख पटींचा फरक. एडिटर हा एक सामान्य प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम, असल्यामुळे त्याला डिस्कला थेट हात लावता येत नाही. तो 'राइट' हा सिस्टिम कॉल, म्हणजे कर्नलला विनंती, करून मजकूर कर्नलच्या स्वाधीन करतो, कर्नल तो मेमरीतल्या पेज कॅशेमध्ये, म्हणजे फाइलींच्या मजकुरासाठी राखलेल्या तात्पुरत्या जागेत, ४ किलोबाइटच्या पानांवर उतरवून घेतो आणि लगेच "झाले" असे कळवतो. डिस्कवर अजून न चढलेल्या अशा पानांना 'डर्टी पेज' म्हणतात. लिनक्सच्या मूळ मांडणीत ही पाने तपासणारे काम दर ५ सेकंदांनी जागे होते आणि ३० सेकंदांहून जुनी झालेली पाने डिस्कवर पाठवते. त्या मुलीच्या ओळी चिठ्ठीवर होत्या, खातेवहीत नव्हत्या, आणि वीज गेली की मेमरीतली चिठ्ठी पुसली जाते.

उत्तर (नांदेड)

वरील उत्तर बरोबर आहे, मात्र नाव का राहिले हे त्यात आलेले नाही, आणि मॅडमचा खरा प्रश्न तोच आहे.

उबुंटूत सहसा ईएक्सटी-४ ही फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याची पद्धत, असते आणि ती जर्नल ठेवते. जर्नल म्हणजे आपली रोजकीर्द. खतावणीत बदल करण्याआधी तो तिथे नोंदवला जातो, म्हणजे मध्येच वीज गेली तरी पुढच्या वेळी कीर्द वाचून खतावणी जुळवता येते. पण नेहमीच्या मांडणीत या कीर्दीत फाइलचा मजकूर लिहिला जात नाही. नाव, आकार, जागा एवढाच तपशील, ज्याला मेटाडेटा म्हणतात, तेवढाच लिहिला जातो, आणि तोही साधारण दर ५ सेकंदांनी. शिवाय ईएक्सटी-४ मजकुरासाठी डिस्कवरची जागा शेवटच्या क्षणापर्यंत नेमूनच देत नाही. याला विलंबित वाटप म्हणतात. त्यामुळे नावाची नोंद पहिल्या काही सेकंदांतच पक्की झाली आणि मजकुराला जागा मिळण्याआधीच वीज गेली. शून्य बाइट त्यामुळेच दिसले.

यावर उपाय 'एफसिंक' हा सिस्टिम कॉल आहे. तो केला की मजकूर डिस्कवर पोहोचल्याशिवाय कर्नल उत्तर देत नाही. काही एडिटर तो स्वतःहून करतात, काही करत नाहीत. विद्यार्थी 'एफफ्लश'लाच एफसिंक समजतात, तेव्हा एवढे जरूर सांगा की एफफ्लश हे सी भाषेतले फंक्शन प्रोग्रॅमच्या स्वतःच्या बफरमधला, म्हणजे तात्पुरत्या साठ्यातला, मजकूर फक्त कर्नलपर्यंत नेतो.

प्रश्नकर्ती (वसमत)

दोघांचे मनापासून आभार. आज वर्गात एक मोठी फाइल कॉपी करायला लावून 'प्रॉक' डिरेक्टरीतील 'मेमइन्फो' ही फाइल पुन्हा पुन्हा वाचून दाखवली. 'डर्टी' या ओळीतला आकडा भराभर वाढला, आणि 'सिंक' ही आज्ञा दिल्यावर क्षणभर सगळे थांबून तो जवळजवळ शून्यावर आला. त्याच विद्यार्थिनीने विचारले, "मग पेन ड्राइव्हचं काय?"

उत्तर (लातूर)

पेन ड्राइव्ह बहुधा फॅट-३२ किंवा एक्सफॅट या फाइल सिस्टिममध्ये असतो आणि त्यांना रोजकीर्दच नसते, म्हणून तिथे अधिक जपावे लागते. पडद्यावरची कॉपीची पट्टी पूर्ण भरली तरी पाने मेमरीतच असू शकतात. 'इजेक्ट' दाबून, काढायला हरकत नाही असा संदेश आल्यावरच तो काढायला सांगा.