मदत हवी आहे: चिपवर वाकून बघितलं की ॲम्प्लिफायर सुधारतो!

पीएचडीचं तिसरं वर्ष, पहिलीच चिप हातात आलीय. १८० नॅनोमीटर सीमॉसमध्ये ईसीजीचा फ्रंट-एंड (हृदयाचा क्षीण सिग्नल वाढवणारा पहिला टप्पा). रचना हॅरिसन आणि चार्ल्स यांनी २००३ मध्ये मांडलेलीच: इनपुटला २० पिकोफॅरड, फीडबॅकला २०० फेम्टोफॅरड, म्हणजे गेन १००, आणि फीडबॅकला समांतर मॉसफेटचा स्यूडो-रेझिस्टर, म्हणजे प्रचंड रेझिस्टन्ससारखा वागणारा ट्रान्झिस्टर.

सिम्युलेशनमध्ये सगळं गोड. खालची कटऑफ (जिच्याखालचे संथ सिग्नल गळतात) ०.१ हर्ट्झ, आउटपुट ०.९ व्होल्टवर. टेबलावर मात्र आउटपुट सावकाश चढत १.४ ला जाऊन बसतं. ईसीजी सिम्युलेटर यंत्रावरून १ मिलिव्होल्टचा सिग्नल दिला तर क्यूआरएस (ठोक्याचं उंच टोक) ठीक दिसतो, पण टी-वेव्ह (त्यामागची संथ लाट) जवळजवळ सपाट.

बोर्ड बदलला, बॅटरीवर चालवून पाहिलं, फ्लक्स राहिला असेल म्हणून आयसोप्रोपिलने धुतलं. ढिम्म फरक नाही. काल बाँडवायर (चिपला पॅकेजशी जोडणाऱ्या बारीक तारा) बघायला चिपवर वाकलो आणि स्कोपवरची रेषा ०.९ कडे उतरायला लागली. मागे सरलो की परत वर! अंगाची कपॅसिटन्स म्हणावी, तर बाजूने हात नेऊन काही होत नाही, डोकंच लागतं. (गाइडना हे सांगायची अजून हिंमत झालेली नाही.)

पिकोॲम्प: पॅकेजला झाकण आहे का?

धागाकर्ता: नाही, प्रोबिंगसाठी उघडंच ठेवलंय.

पिकोॲम्प: मग तुमच्या डोक्याची सावली पडतेय, दुसरं काही नाही. स्यूडो-रेझिस्टरची एन-वेल (तो ज्यात बसतो तो एन-टाइप सिलिकॉनचा भाग) आणि सबस्ट्रेट (खालचं मूळ सिलिकॉन) यांच्यातलं जंक्शन म्हणजे फुकटचा फोटोडायोड, उजेड पडला की करंट देणारा. हिशोब करा: २०० फेम्टोफॅरडवर ०.१ हर्ट्झ हवी तर रेझिस्टन्स सुमारे ८ टेराओम. त्यातून एक पिकोॲम्पियर जायचा तर ८ व्होल्ट लागतील! तेवढे होण्याआधीच मॉसफेट डायोडसारखा चालू होतो, अर्ध्या व्होल्टच्या आसपास. तुमचं ०.९ चं १.४ तिथेच झालं. आणि एकदा तो चालू झाला की टेराओम कुठले राहायला? कटऑफ वर सरकते, टी-वेव्ह जाते. सर्किट सिम्युलेटरला दिवे माहीतच नसतात.

धागाकर्ता: बोर्डवर पुठ्ठ्याचा काळा खोका पालथा घातला. आउटपुट ०.९१, टी-वेव्ह हजर! तीन आठवडे गेले हो यात. पण पुढच्या टेपआउटमध्ये (बनवायला पाठवायच्या पुढच्या डिझाइनमध्ये) याच डायवर (सिलिकॉनच्या तुकड्यावर) पल्स ऑक्सिमेट्रीचा (प्रकाशाने रक्तातला ऑक्सिजन मोजायचा) फोटोडायोड आहे, ६६० आणि ९४० नॅनोमीटरच्या एलईडींसाठी. तिथे खोका कसा घालणार? टॉप मेटलने फक्त ॲम्प्लिफायर झाकला तर भागेल?

लेआउटवाला: ६६० पुरतं बरंचसं भागेल, ९४० ला नाही. तो प्रकाश सिलिकॉनमध्ये पन्नासेक मायक्रॉन खोल जातो. तिथे सुटलेले इलेक्ट्रॉन मेटलच्या छपराखालून आडवे सरकत तुमच्या एन-वेलपर्यंत पोचतात. मधे व्हीडीडीला (पॉझिटिव्ह सप्लायला) बांधलेली एन-वेलची रुंद गार्ड रिंग (भोवतीचं संरक्षक कडं) घाला, ती त्यांना वाटेतच गोळा करते. जमलं तर स्यूडो-रेझिस्टरची वेल आउटपुटच्या बाजूला बांधा, थोडा करंट आउटपुटला जड नाही. इनपुटच्या बाजूला तोच करंट घात करतो. फोटोडायोड ॲम्प्लिफायरपासून किती लांब आहे?

धागाकर्ता: ४० मायक्रॉन. जागा वाचवली होती.

लेआउटवाला: आजच हलवा.