मदत हवी आहे: डिस्नेच्या ट्रिपला जेवणाचे पैसे आधीच भरावेत का? (आज रात्रीपर्यंत कळवायचंय)

दहिसरवाली (दु. 3:10)
एजंटचा फोन आला, मील प्लॅन हवा की नको ते आज रात्री नऊच्या आत सांगा म्हणे. आम्ही पाच जण, पाच रात्री. माणशी रोजचे 25 डॉलर, एकूण 625. रुपयांत पन्नास हजारांच्या वर जातंय. नवरा म्हणतो घेऊन टाक, तिथे शोधाशोध नको. मला पटत नाहीये. जे जाऊन आलेत त्यांनी स्पष्ट सांगा, घ्यावा का? नेटवर वाचून डोकं भणभणलंय.

माहीमकर (3:22)
कुठलं डिस्ने? हाँगकाँग, टोकियो, पॅरिस, ऑरलँडो? प्रत्येक ठिकाणचा हिशेब वेगळा आहे.

ठाण्याचा_बाबा (3:31)
डॉलर म्हणताय म्हणजे अमेरिका. आम्ही गेल्या वर्षी ऑरलँडोला प्लॅन घेतला होता, टेबल-सर्व्हिसवाला. रोज रात्रीमागे माणशी एक बसून जेवण, एक काउंटरवरचं जेवण, एक स्नॅक, आणि हॉटेलात पेयं पुन्हा पुन्हा भरून घ्यायचा कप. याचे क्रेडिट (कूपनच म्हणा) जमा होतात आणि चेक-आउटच्या दिवशी मध्यरात्री संपतात. आमचे चार उरले, हिशेब आमचाच चुकला. पण मुलांसमोर मेनूतल्या किमती बघत बसावं लागलं नाही, याचं समाधान फार मोठं होतं. माझं मत: घ्या. टिप मात्र प्लॅनमध्ये नसते, 18 ते 20 टक्के वेगळी धरा.

चकली (3:38)
बाबा, चार जेवणं वाया गेली तरी "घ्या"? आम्ही चौघं प्लॅनशिवाय गेलो. डिस्नेत बाहेरचं खाणं आत न्यायला परवानगी आहे, फक्त काचेच्या बाटल्या आणि दारू नको. सकाळी हॉटेलवर पोटभर खायचं, बॅगेत दशम्या, राजगिऱ्याचे लाडू, भाजणीच्या चकल्या. काउंटरवर मागितलं की बर्फाचं पाणी फुकट देतात. मुलांना रोज एक गोष्ट तिथली विकत घेऊन दिली, तेवढ्यावर खूष होती.

ठाण्याचा_बाबा (3:44)
ताई, तिकिटावर एवढा खर्च करून बाकावर बसून दशमी खायची का? त्यापेक्षा इथेच आरे कॉलनीत सहल काढावी.

चकली (3:49)
माझ्या मुलांना आजही त्या बाकावरचं जेवण आठवतं. दशम्या माझ्या सासूबाईंनी लाटून दिल्या होत्या.

गोराई_खाडी (3:55)
डब्यावरून आठवलं. आम्ही शाळेतून एस्सेलवर्ल्डला जायचो, बोटीतून खाडी ओलांडताना निम्मे डबे संपायचे. 1989 ला ते सुरू झालं तेव्हा मी पाचवीत होतो. आता बंद आहे. कुणाकडे तेव्हाचे फोटो आहेत का?

दहिसरवाली (4:02)
हो, ऑरलँडोच. लिहायचं राहिलं. फोटोंचा धागा वेगळा काढा प्लीज, माझ्याकडे पाच तास आहेत. सोबत सासूबाई आहेत, अंडंही खात नाहीत, आणि त्या आठवड्यात संकष्टी येते.

माहीमकर (4:06)
मुलांची वयं?

दहिसरवाली (4:09)
मुलगी 11, मुलगा 7. त्याने काय फरक पडतो?

माहीमकर (4:17)
पुष्कळ पडतो. डिस्नेत 3 ते 9 लहान मुलांचा दर, 10 पासून मोठ्यांचा. मुलगी पूर्ण दरात जाईल, पण मुलाचा दर कमी लागायला हवा. तुमच्या एजंटने पाचही जणांना सरसकट 25 लावलेत. मला हा डिस्नेचा प्लॅनच वाटत नाही. हॉटेल कुठलं आहे?

दहिसरवाली (4:21)
इंटरनॅशनल ड्राइव्हवरचं आहे. नाश्ता धरून.

माहीमकर (4:25)
मग विषयच संपला. डिस्नेचा डायनिंग प्लॅन फक्त डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलात पॅकेजवर राहणाऱ्यांना मिळतो, आणि इंटरनॅशनल ड्राइव्ह हा रस्ता डिस्नेच्या बाहेर आहे. तुम्हाला तो घेताच येणार नाही. बाबांचं आणि चकलीताईंचं भांडण तुमच्यासाठी नाही. एजंटच्या कागदावर काय लिहिलंय ते जसंच्या तसं टाका.

पनवेल_पॅसेंजर (4:28)
आम्ही खोपोलीच्या इमॅजिकाला तिकिटासोबतच जेवण घेतलं होतं. बुफे चांगला होता. नक्की घ्या.

दहिसरवाली (4:40)
कागदावर लिहिलंय: "इंडियन डिनर, 7 पीएम, लोकल रेस्टॉरंट, कोच ट्रान्स्फर." मी आजपर्यंत समजत होते की पार्कमधलं जेवण आहे. तीन दिवस डिस्ने, एक दिवस युनिव्हर्सल (ते दुसरं पार्क), पहिला दिवस पोचण्याचा.

माहीमकर (4:58)
ताई, इथेच खरी मेख आहे, पैशांपेक्षा मोठी. सातला इंटरनॅशनल ड्राइव्हवर जेवायला बसायचं तर डिस्नेच्या मॅजिक किंगडम पार्कमधून साडेपाचच्या आसपास निघावं लागेल. तिथे पार्किंग गेटाशी नाही. आधी मोनोरेल किंवा फेरीबोटीने तलावापलीकडे यायचं, मग बस. जेवून परत जाणं वयस्कर माणसाला घेऊन जमणार नाही. म्हणजे रात्रीची आतषबाजी गेली. मुलांसाठी दिवसाचा कळस तोच असतो. आम्ही ग्रुप टूरमध्ये अगदी असंच केलं. माझी मुलगी बसच्या मागच्या काचेतून आकाशाकडे बघत होती. वरण-भात चांगला होता, पण मला तो गोड लागला नाही.

चकली (5:06)
हे वाचून कसंतरी झालं. ताई, डिस्नेच्या तिन्ही रात्री काढून टाका.

ठाण्याचा_बाबा (5:13)
मीही मत बदलतो, काढा. सासूबाईंसाठी डिस्नेच्या बाकीच्या पार्कांतलं सांगतो. अ‍ॅनिमल किंगडममध्ये सातुली कँटीनला टोफूचा बाउल मिळतो. एपकॉटमध्ये अकरा देशांची दालनं आहेत, त्यात भारत नाही, पण शाकाहारी पदार्थ सापडतात. अ‍ॅनिमल किंगडम लॉज या डिस्नेच्या हॉटेलातल्या सना रेस्टॉरंटमध्ये नान आणि तऱ्हेतऱ्हेच्या चटण्या येतात. तिथे राहत नसलात तरी जाता येतं, टेबल 60 दिवस आधीपासून बुक होतं. अंडं नको हे प्रत्येक ठिकाणी वेगळं सांगा. त्यांच्या "व्हेजिटेरियन"मध्ये अंडं चालतं.

शिवडीची_सून (5:20)
इलेक्ट्रिक कुकर न्या, मुगाची खिचडी टाका, बाहेर जायचीच गरज नाही.

माहीमकर (5:27)
इथला कुकर नेऊ नका. आपली उपकरणं 230 व्होल्टची, तिथे 120. अ‍ॅडॅप्टरने फक्त पिन बदलते, ताकद जेमतेम चौथाई उरते. शिवाय पुष्कळ हॉटेलं खोलीत शिजवू देत नाहीत, आधी विचारा. संकष्टीसाठी राजगिऱ्याचे लाडू, भाजलेले शेंगदाणे, खजूर न्या आणि कस्टमला खाण्याचं सगळं सामान जाहीर करा. ताजी फळं नेऊ नका, काढून घेतात.

दहिसरवाली (8:35)
एजंटशी बोलणं झालं. आधी म्हणाला पाचही रात्री घ्या नाहीतर काहीच नाही. कागदावर प्रत्येक रात्रीचे पैसे स्वतंत्र लिहिलेत हे दाखवल्यावर ऐकलं. पोचण्याची रात्र आणि युनिव्हर्सलची रात्र ठेवली, डिस्नेच्या तीन रात्री काढल्या. 625 चे 250 झाले. टिप त्यात आहे का तेही लेखी मागितलंय. सनाचं टेबल अजून साठ दिवसांच्या आत आलेलं नाही, तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली. माहीमकर, तुमच्या लेकीचं सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मला दूध-केळं चालेल, पोरांना आतषबाजी दाखवा."

चकली (8:41)
दशम्यांची कृती हवी असेल तर सांगा. दुधात भिजवलेल्या दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका, उरलेल्या दिवसांसाठी तिखट-मिठाच्या पुऱ्या करा.

गोराई_खाडी (8:50)
फोटोंचा वेगळा धागा काढला आहे.