ओव्हनमध्ये भाजलेले कांदे: तुमचे अनुभव लिहा

ठाणे

आमच्याकडे आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, घरातला कांदा संपवायचा असा शिरस्ता आहे. सासूबाई चातुर्मास पाळतात. यंदा खेकडा भजी झाली, थालीपिठं झाली, झुणका झाला, तरी टोपलीत दीड किलो कांदे शिल्लक. संध्याकाळचे सात वाजलेले आणि माझ्यात उभं राहून चिरायची ताकद नव्हती. मग साली काढल्या, बुडखा शाबूत ठेवून एकेका कांद्याच्या सहा फोडी केल्या (बुडखा असला की पाकळ्या सुट्या होत नाहीत), दोन मोठे चमचे शेंगदाणा तेल आणि जाडं मीठ चोळलं आणि २०० अंशांवर ४० मिनिटं ओटीजीत ढकलले. मध्ये एकदा उलटले.

कडा काळपट, करकरीत. आत नुसता मुरांबा. सासूबाईंनी ट्रेमधूनच एक फोड उचलली, फुंकर मारत खाल्ली आणि म्हणाल्या, "आई चुलीत पुरायची तो कांदा असाच लागायचा गं. फक्त राख झटकावी लागायची." मग ज्वारीची भाकरी, दाण्याचं कूट, वरून लिंबू. भजी तशीच राहिली.

तेव्हापासून दर आठवड्याला एक ट्रे होतोय. तुम्ही करत असाल तर तापमान, वेळ, कशात वापरता, सगळं लिहा. फसलेलंही लिहा. एक शंका: लाल कांद्याचा रंग भाजल्यावर मळकट होतो, त्यावर काही उपाय?

इंग्लंड

आमच्यासाठी हा हौसेचा प्रकार नाही, अडचणीतून निघालेला आहे. भाड्याच्या घरात इंडक्शन शेगडी, म्हणजे जाळीवर कांदा धरायला ज्वाळाच नाही. पहिल्या वर्षी मटणाच्या वाटणासाठी तव्यावर कांदा-खोबरं भाजायला घेतलं आणि धुराचा अलार्म कोकलायला लागला. नवरा स्टुलावर चढून टॉवेलने वारा घालतोय, मी खिडक्या उघडतेय, बाहेर तापमान २ अंश. शेजारच्या आजी दार वाजवून विचारून गेल्या, सगळं ठीक आहे ना.

आता महिन्यातून एका रविवारी दोन किलो कांदा एकदम. उभा चिरून दोन ट्रेमध्ये पसरते, २०० अंश, पाऊण तास. सुक्या खोबऱ्याचे काप मात्र शेवटच्या पाच मिनिटांतच टाकायचे आणि तिथून हलायचं नाही, ते बघता बघता जळतात. दोन किलोचं जेमतेम एक किलो उरतं. पाणी न घालता वाटून बर्फाच्या ट्रेत गोठवते. एका भाजीला दोन चौकोन. मंगळवारी रात्री आठला ऑफिसातून येऊन साडेआठला मटकीची रस्सेदार उसळ होते ती या चौकोनांच्या जिवावर.

एक धडा: इथला लाल कांदा मोठा, सौम्य आणि गोड. नुसता तोच घेतला तर रस्सा गोडुस होतो. मी अर्धा लाल आणि अर्धा इथला तपकिरी सालीचा कांदा घेते.

निफाड तालुका, नाशिक

ताई, आधी शब्दाचा घोळ मिटवू. आमच्या बाजारात 'लाल कांदा' म्हणजे खरिपाचा आणि त्यामागून येणारा रांगडा. तो साधारण दिवाळीच्या आसपास यायला लागतो. डिसेंबर-जानेवारीत लावून मार्च ते मे काढतो, कांदाचाळीत साठवून ठेवतो, तो 'उन्हाळ'. सालीने दोन्ही लालसर, पण लासलगावच्या लिलावात कुणी त्यांची गल्लत करणार नाही. तुमचा कांदेनवमीचा कांदा उन्हाळच असणार.

भाजायलाही तोच चांगला. चाळीत पडून त्यातलं पाणी कमी होतं, साल घट्ट बसते, कडा लवकर खरपूस होतात. लाल कांद्यात पाणी जास्त. तो पहिली वीस मिनिटं नुसता घामाघूम होतो, रंग धरतच नाही. त्याला दहा-पंधरा मिनिटं जास्त द्या आणि ट्रेमध्ये विरळ ठेवा.

चाळीतला कांदा पावसाळ्यात कोंब धरायला लागतो. भाव नसला की तो निवडून फेकायचा, आणि फेकताना जीव तुटतो. मुलीने ओव्हन घेतला तेव्हापासून कोंबाचा कांदा मी भाजून संपवते. मधला हिरवा कोंब काढून टाकते, तो कडवट लागतो. काजळी धरलेला असेल तर वरचे एक-दोन पापुद्रे काढून धुवायचा, आतपर्यंत काळा गेलेला असेल तर उकिरड्यावर. तिथे काटकसर नको.

पुणे

फसलेला अनुभव माझा. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह, हौसेने एक किलो कांदा एकाच काचेच्या भांड्यात रचला. तासाभराने बाहेर काढला तर पाण्यात पोहणारा उकडलेला कांदा. मुलगा म्हणाला, सूप छान झालंय.

जळगाव

सगळ्यांचं वाचलं, छान आहे, पण एक सांगू का? तुम्ही ज्याला भाजणं म्हणता त्यात धूर कुठे आहे? आमच्याकडे भरिताची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजतात, आणि त्याच विस्तवात काळ्या मसाल्याच्या रश्श्यासाठी कांदा सालीसकट पुरतात. वरचे दोन थर कोळसा होतात. ते सोलून टाकले की आतल्या कांद्याला जो वास असतो तो ओव्हनच्या बापाला यायचा नाही. गोडवा येतो, मान्य. पण रश्श्याला नुसता गोडवा काय कामाचा?

आता सत्तरी ओलांडली, तिसऱ्या मजल्यावर राहतो, काड्या कुठून आणणार. सुनेच्या ओव्हनमध्ये कांदे सालीसकट अख्खे ठेवतो, २२० वर तासभर. बाहेर काढले की चिमट्यात धरून गॅसच्या ज्वाळेवर मिनिटभर फिरवायचे, साल पेटू द्यायची. सत्तर टक्के काम होतं. उरलेल्या तीस टक्क्यांसाठी गावी जातो.

डोंबिवली

बायको ओव्हन लावते तेव्हा मी मीटर बघतो, असा माझा लौकिक आहे. आमचा ओटीजी दीड हजार वॉटचा. पाऊण तास सलग चालला तर एक युनिटच्या थोडं वर. पण थर्मोस्टॅट मधून मधून बंद होतो, त्यामुळे प्रत्यक्षात युनिटच्या आतच. तरी एका कांद्यासाठी ओव्हन लावू नका. खालच्या कप्प्यात रताळी, वर कांदे.

कोल्हापूर

रंगाबद्दल. लाल कांद्याचा जांभळा रंग आंबट लागला की गुलाबी उजळतो आणि सोडा लागला की निळसर-हिरवट होतो. (कधीतरी सोडा जास्त पडलेली भजी हिरवट दिसतात ना, तेच.) कांदे ओव्हनमधून निघाल्या निघाल्या, गरम असतानाच, लिंबू पिळा. तपकिरी कडांवर परिणाम नाही, पण आतल्या पाकळ्या छान खुलतात. मी त्याचीच कोशिंबीर करते: निवल्यावर घट्ट दही, मीठ, वरून हिंग-मोहरीची फोडणी आणि एक लाल मिरची. कच्च्या कांद्याने ज्यांना जळजळ होते त्यांना ही पुष्कळदा चालते, निदान आमच्या मामंजींना चालते.

लिंबू किंवा चिंच लावून अॅल्युमिनियम फॉइलमध्ये मात्र गुंडाळू नका. मी चिंच-गुळाचं सारण भरून छोटे भरले कांदे फॉइलमध्ये केले होते, फॉइलला बारीक भोकं पडली आणि चवीला धातू लागला. आता स्टीलच्या झाकणाच्या डब्यात अर्धा तास आणि उघडे पंधरा मिनिटं.

न्यू जर्सी

मी अन्नसुरक्षेचं काम करते, म्हणून मध्येच टपकते. भाजलेला कांदा तेलात बुडवून ओट्यावर ठेवू नका. १९८३ साली इलिनॉयमधल्या पिओरियात २८ जणांना बॉट्युलिझम, म्हणजे एका जंतूच्या विषाने होणारी गंभीर अन्नविषबाधा, झाला होता. कारण निघालं मार्गारिनमध्ये परतून कोमट ठेवलेला कांदा. तो जंतू मातीत असतो, कांदा जमिनीतला, वरून तेलाने हवा तुटते. घाबरायचं कारण नाही. निवला की फ्रिजमध्ये, चार दिवसांत संपवा, जास्त असेल तर गोठवा. इंग्लंडच्या ताईंचे चौकोन अगदी बरोबर.

बंगळूर

एकटा राहतो. अख्खे कांदे, साल न काढता, तेलही नाही. चिरायचं नाही म्हणजे रडायचंही नाही. तासाने बुडखा कापून दाबला की आतला गर पच्चकन बाहेर येतो. दहीभातात कालवतो. एवढंच येतं मला.

ठाणे

जळगावच्या काकांचा ज्वाळेचा उपाय काल करून पाहिला. साल पेटली, ठिणग्या उडाल्या, ओटा काळा झाला आणि घरभर तो वास. सासूबाई बाहेरच्या खोलीत जपमाळ घेऊन बसल्या होत्या. माळ तशीच हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात आल्या, बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. कार्तिकी एकादशीला अजून तीन महिने आहेत. जाता जाता म्हणाल्या, "त्या बर्फाच्या ट्रेचं काय ते म्हणत होतीस ना? त्यातले चार चौकोन माझ्या नावाने ठेव."