मदत हवी आहे: फुल्क ग्रेव्हिलच्या समाधीचे फोटो आणि कवितांबद्दल

नमस्कार मंडळी. इंग्लंडमधला कवी आणि मुत्सद्दी फुल्क ग्रेव्हिल (१५५४–१६२८) याच्यावर दिवाळी अंकासाठी लेख लिहिते आहे. बर्मिंगहॅम, कॉव्हेंट्री भागात राहणाऱ्यांची मदत लागेल.

माणूस विलक्षण आहे. त्याचा मित्र, कवी फिलिप सिडनी आणि तो १५६४ मध्ये एकाच दिवशी श्रूजबरीच्या शाळेत दाखल झाले. सिडनी १५८६ मध्ये लढाईतल्या जखमेने गेला. ग्रेव्हिल पुढे जेम्स राजाचा अर्थमंत्री झाला, वॉरिकचा किल्ला त्याला मिळाला, पण कविता त्याने हयातीत जवळजवळ छापल्याच नाहीत. अँटनी-क्लिओपात्रावरचं स्वतःचं नाटक तर जाळून टाकलं, राजकीय अर्थ काढला जाईल म्हणून! शेवट फार वाईट झाला. मृत्युपत्रावरून नाराज झालेल्या नोकराने कपडे चढवतानाच त्याला भोसकलं. जखमेत डुकराची चरबी भरली, ती चिघळली आणि महिन्याभराने तो गेला.

वॉरिकच्या सेंट मेरी चर्चमध्ये त्याची समाधी आहे. त्यावर कोरलंय: एलिझाबेथ राणीचा सेवक, जेम्स राजाचा सल्लागार आणि सर फिलिप सिडनीचा मित्र. राणी-राजाच्या पंगतीत मित्राला बसवणारा हा माणूस मला फार जवळचा वाटतो.

कुणी तिकडे जाणार असेल तर कोरीव अक्षरांचे जवळून फोटो काढून द्याल का? लेखात फोटोखाली तुमचं नाव देईन. शिवाय त्याच्या ‘सीलिका’ या कवितासंग्रहातल्या १०९ कवितांपैकी सुरुवातीला कुठल्या वाचाव्यात, हेही इंग्रजी साहित्य शिकवणाऱ्यांनी सांगावं. उत्तरार्धातल्या धार्मिक कविता फार अवघड जाताहेत.