मदत हवी आहे: विद्यार्थ्यांनी पोट तपासण्याआधी पेशंटची खरी संमती कशी घ्यावी?

पुण्यातल्या एका सरकारी रुग्णालयात मेडिसिनच्या वॉर्डात एमबीबीएसची क्लिनिकल बॅच घेते. प्लीहा (स्प्लीन, डाव्या बरगडीखालचा अवयव) वाढलेला पेशंट मिळाला की सगळ्यांनाच हात लावून बघायचं असतं. पण अशी प्लीहा नाजूक असते. पुन्हापुन्हा खोल दाबली तर दुखते, क्वचित फुटूही शकते. म्हणून पोट दुखणारा किंवा प्लेटलेट कमी असलेला पेशंट शिकवण्यासाठी घेतच नाही. बाकीच्यांना तिघेच तपासतात: हात धुऊन, चोळून उबदार करून, उजव्या इलियाक फॉसापासून (पोटाच्या खालच्या उजव्या भागापासून) डाव्या बरगडीकडे, पेशंटच्या श्वासाबरोबर. पडदा, चादर, महिला पेशंटपाशी सिस्टर, हे असतंच.

अडतं ते संमतीपाशी. "तपासू का?" विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "तुम्ही म्हणाल तसं, डॉक्टर." हा होकार मी धरत नाही. "हे शिकण्यासाठी आहे, नको म्हणालात तरी उपचार असेच चालू राहतील" असंही सांगून पाहिलं, पण अख्खी बॅच पलंगाभोवती उभी असताना नाही कोण म्हणणार? आधी सिस्टरनी एकटीने विचारलं तर नकार मोकळेपणाने येतो. मात्र सकाळी इंजेक्शनांच्या वेळेत त्यांना सवड नसते. लेखी फॉर्म सुचवू नका. अंगठा मागितला की ऑपरेशन आहे असं वाटून नातेवाईक घाबरतात.

तुमच्याकडे हे कोण विचारतं, बॅच येण्याच्या किती आधी, आणि नेमक्या कोणत्या शब्दांत?