परसातील शेगडी आणि सुईचा तापमापक

रंकाळाकाठचा: परसातल्या कोळशाच्या शेगडीवर कोंबडीची तंगडी बाहेरून करपते आणि हाडाजवळ मात्र लालसर राहते, अशा वेळी सुईचा डिजिटल तापमापक खरोखर उपयोगी पडतो का, की सरावलेल्या हाताचा अंदाजच पुरेसा आहे?

पांढरारस्सा: हाडाजवळचा रंग फसवा असतो, कारण कोवळ्या कोंबडीच्या हाडातील मगजाचा रंग मांस पूर्ण शिजल्यावरही त्यात उतरलेला दिसतो. सुईचे टोक हाडाला न टेकवता सर्वांत जाड भागात खुपसावे आणि ७४ अंश सेल्सिअस दिसले की कोंबडी खाण्यास सुरक्षित समजावी. तंगडी मात्र ८० च्या पुढे गेल्यावरच मऊ लागते, असे माझे मत आहे.

उद्यमनगरकर: आधी तापमापकाची पारख करा. बर्फाच्या पाण्यात त्याने ० दाखवावे. उकळत्या पाण्यात मात्र १०० ची अपेक्षा धरू नका, कारण कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून अधिक उंचीवर असल्याने येथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. (हे ध्यानात न आल्याने मी एक चांगला तापमापक दुकानदाराला परत केला होता.)

रंकाळाकाठचा: आभारी आहे. करपण्यावर उपाय काय?

पांढरारस्सा: तो तापमापकाकडे नाही. निखारे एका बाजूला सारा आणि तंगडी दुसऱ्या बाजूला झाकून शिजवा.