रडरवर (शेपटीच्या उभ्या झडपेवर) वळणारं मॉडेल विमान, डायहेड्रल (पंखांचा V कोन) कमी पडलाय. जोड कापू का?

पोटमाळा:
४८ इंची हाय-विंग ट्रेनर, बाल्साचा किट. मोटर, एलिव्हेटर, रडर, बस्स. एलरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) नाहीत. प्लॅनवर पंखाच्या टोकाशी ‘२ इंच’ लिहिलंय. मी एक पंख पाटावर सपाट टाचला, दुसऱ्याचं टोक ५० मिमी उचललं आणि अ‍ॅराल्डाइटने जोडलं. आता लांबून बघतो तर पंख जवळजवळ सरळच. फिल्म (पंखावरचं प्लास्टिकचं आवरण) अजून लावलेली नाही. असंच उडवू का? लेक रोज विचारते, “बाबा, कधी?”

भोकाडी:
उडव की. ट्रेनर आहे, सांभाळून घेतं. कापाकापीत वजन वाढेल ते वेगळंच.

निवृत्त_फिटर:
उडवू नका. भोकाडीशेठ, तुमच्या मॉडेलला एलरॉन आहेत, यांच्याला नाहीत.

ते २ इंच दोन्ही टोकांना आहेत. अर्धा पंख ६१० मिमी धरा. दोन्ही टोकं ५० मिमी उचलली तर प्रत्येक बाजूला पावणेपाच अंश मिळतात. तुम्ही एक बाजू सपाट ठेवून दुसरी ५० उचललीत, म्हणजे तो कोन दोन्हीकडे वाटला गेला आणि जेमतेम सव्वादोन-अडीच अंश उरले. एक पंख सपाटच ठेवायचा तर दुसरं टोक १०० मिमी उचलायला हवं होतं.

एलरॉन असते तर अडीच अंशांवर मजेत उडालं असतं. पण रडर फक्त नाक फिरवतो. विमान थोडं आडवं घसरतं, पुढे आलेल्या पंखाला डायहेड्रलमुळे हवा जास्त कोनात लागते, तो उचलला जातो आणि मगच विमान कलून वळतं. डायहेड्रल नसेल तर शेपूट हलते, विमान मात्र बाभळीच्या दिशेनेच जातं. पतंगाची कामटी वाऱ्यात वाकते, त्यातलाच प्रकार. पण जास्तही नको. फार V केला की झुलत बसतं.

एक सांगा, किटमध्ये प्लायची V पट्टी होती ना? तिने अडवलं नाही?

पोटमाळा:
होती काका. आत जाईना. वाटलं लेझर कटिंग चुकलंय, म्हणून कानशीने घासून बसवली 🙈

निवृत्त_फिटर:
अहो, ती बरोबर होती! डायहेड्रल ब्रेस तो. त्याला कोन कापलेलाच असतो.

असो. बारीक दातांच्या करवतीने मधोमध कापा. स्पारला (पंखातल्या लांब दांडीला) चिकटलेले ब्रेसचे तुकडे हेअर ड्रायरने तापवून ब्लेडने निघाले तर ठीक, नाहीतर राहू देत. रिबना (पंखाला आकार देणाऱ्या आडव्या पट्ट्यांना) खाच पाडून नवा ब्रेस स्पारच्या दुसऱ्या अंगाला लावा, ३ मिमी प्लायचा. आधी पुठ्ठ्याचा कापून बघा.

आता खरं काम मुळाच्या रिबचं. ती उभीच ठेवलीत तर वर कडा टेकतात आणि खाली फट राहते. ती फट अ‍ॅराल्डाइटने भरू नका. पंखाचं मूळ टेबलाच्या कडेला आणा, टोकाखाली ५० मिमीचा ठोकळा द्या, पॉलिशपेपर चिकटवलेली फळी टेबलाच्या कडेला टेकवून अगदी उभी धरा आणि घासा. कोन आपोआप मिळतो. दुसऱ्या पंखालाही तोच ठोकळा.

सुगरण_पक्षी:
ठोकळा पुढच्या आणि मागच्या, दोन्ही कडांखाली पुरेल एवढा रुंद घ्या. माझा पहिला पंख इथेच पिळला. एका टोकाची मागची कड ४ मिमी खाली राहिली आणि विमान हातातून सुटताच उलट्या बाजूला लोळलं. शिवाय फेव्हिक्विक नको, सावकाश वाळणारंच इपॉक्सी, आणि जोडावर फायबरग्लासच्या कापडाची पट्टी.

भोकाडी:
मान्य. माझ्या आधीच्या सल्ल्याकडे काणाडोळा करावा.

पोटमाळा:
केलं. रिब घासताना डाव्या बाजूची थोडी जास्तच गेली, तिथे १ मिमी बाल्साची चकती लावून पुन्हा घासली. पुठ्ठ्याचा ब्रेस तिसऱ्या खेपेला जमला. आता डावं टोक ५१, उजवं ५०. पट्टी लेकीने धरली होती, तिच्या मते दोन्ही ५०. फिल्म रविवारी, रंग तिने निवडलाय, गुलाबी.

निवृत्त_फिटर:
एका मिमीने काही बिघडत नाही. फिल्म इस्त्री करताना पंख पाटावर दाबून ठेवा, ताणली की तीही पिळते.